देवस्थळीबाई आणि इतिवृत्तातलं वाक्य

सुलभा देवस्थळी यांच्यावर अन्याय झाला. गेल्या वर्षी, जुलैच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सिंगापुरात, बिशानमधल्या एका निवासी ब्लॉकखालच्या कम्युनिटी रूममध्ये, आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने तो केला. नऊ जण हजर होते. कोणी आवाज चढवला नाही. चहा झाला, सुरळीच्या वड्या झाल्या, आणि मध्येच कधीतरी चौसष्ट वर्षांच्या एका बाईंच्या नावापुढे ‘मराठीविरोधी वर्तन’ असे शब्द लिहिले गेले.

वेळ मला इतकी नेमकी ठाऊक आहे कारण त्या नवांतली मी एक, आणि इतिवृत्त मी लिहीत होते. ते वाक्य माझ्या हातचं आहे.

बाई साताऱ्याच्या. तिथल्या कॉलेजात एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे, कौस्तुभकडे, राहायला आल्या. कौस्तुभ जुरोंग ईस्टला एका कंपनीत मॅनेजर. त्याच्या कामाच्या परवान्याच्या, म्हणजे पासच्या, आधाराने आईला व्हिजिट पास, म्हणजे राहा, खा, नातवंडं सांभाळा. बाईंनी यातलं पहिलं आणि दुसरं केलं. नातीला त्या सांभाळत नसत, तिच्याशी वाद घालत.

त्यांची पीएच.डी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या वेल्सवर होती. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. मेंढ्या, कोळशाच्या खाणी, आणि इंग्रजीहून पार वेगळी अशी एक भाषा. बाई तिथे कधीही गेलेल्या नाहीत. वेल्श त्या शब्दकोश पुढ्यात घेऊन शिकल्या. उच्चार ऐकायला मिळाले ते वीस वर्षांनी, इंटरनेट आल्यावर, आणि तेव्हा कळलं की आपले निम्मे उच्चार चुकलेले होते. हे त्या स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. त्यांचे गाइड म्हणाले होते, “अहो, साताऱ्यात राहता, मराठ्यांचा इतिहास घ्या, कागद घराशेजारी आहेत.” बाई म्हणाल्या, “तिथे फार गर्दी आहे.”

वेल्सबद्दल त्या अशा बोलत की शेजारच्या तालुक्यात सासर असावं. “त्यांच्याकडे धर्मगुरू इंग्रजीतून बोलायला लागला की लोक उठून आपलं चॅपल वेगळं बांधायचे. हट्टी फार.” हे कोपी-ओचा, म्हणजे इथल्या काळ्या कॉफीचा, घोट घेत, हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीतल्या पंख्याखाली, सुती साडी आणि पायात पळायचे बूट अशा अवतारात. पिशवीत कायम लाल-निळी पेन्सिल. आणि तोंडात एक प्रश्न, “कशावरून?”

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. डॉक्टरला विचारत, कौस्तुभला विचारत, मासळीवाल्या चिनी अंकलना हिंदीतून विचारत आणि ते त्यांना चिनीतून उत्तर देत. नात इरा, वय वर्षं नऊ, एकदा धावत आली. “आजी, लिफ्ट स्पॉइल लाह.”

“कशावरून?”

“आय प्रेस्ड थ्री टाइम्स. नथिंग.”

“हं. हा पुरावा झाला.” आणि दोघी नऊ मजले जिना चढल्या.

माझी त्यांची ओळख एका पत्रकावरून झाली. मी पुण्याची. कॉलेजात असताना महापालिकेच्या मराठी शाळा बंद पडू नयेत म्हणून आम्ही जी काही पत्रकं वाटली त्यातली बहुतेक मी लिहिलेली. पाया लेबारच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीला लागले तरी ती खोड गेली नाही. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गासाठी मी एक पान लिहून आणलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘इंग्रजीने आपल्या भाषेचा गळा घोटला आहे.’ बाईंनी चष्मा वर केला.

“कशावरून?”

मी म्हटलं, “बाई, हे सगळ्यांनाच माहीत आहे.”

“सगळ्यांना माहीत असलेलं छापायला कागद कशाला घालवतेस? तुझ्या घरी मराठीत कोण बोलतं?”

“सगळे.”

“मग गळा कुणाचा घोटला?” त्यांनी निळ्या पेन्सिलीने वाक्यावर रेघ मारली. “वेल्श लोकांनीही तुझ्यासारखी पत्रकं खूप काढली. चांगलीच होती. पण भाषा राहिली ती रविवारच्या शाळेत. खाणीतला म्हातारा आणि त्याचा नातू एका बाकावर बसून वाचायचे. तू रविवारी काय करतेस?”

मी रविवारी झोपत असे. पुढच्या रविवारपासून वर्गात जायला लागले.

तो वर्ग मी आधी पाहिला असता तर पत्रक लिहिलंच नसतं. मुलांचा वर्ग म्हणून मंडळाने बाईंच्या हाती दिलेला, आणि बाईंनी पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं, पालक आत असताना. “सोडून जायचं नाही. बसा.” त्यांच्या वेल्समध्ये रविवारच्या शाळेला वयाची अट नसे. एकेकाने उतारा मोठ्याने वाचायचा, अडला की शेजाऱ्याने सांगायचं, मग अर्थावरून भांडायचं. तीच पद्धत त्यांनी बिशानमध्ये लावली. बँकेतले, कंपन्यांतले मोठमोठे हुद्देवाले मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचे. उतारे कसले, तर औषधाच्या बाटलीवरची सूचना, कुणाच्या तरी आजोबांचं पत्र, लोणच्याची कृती.

अभिजित परांजपे एका बँकेत व्हाइस प्रेसिडेंट, मंडळाच्या कार्यकारिणीवर. मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेला, बोलायला मराठी खणखणीत. त्याला लोणच्याची कृती आली. ‘फोडणी निववून’ इथे तो थांबला.

“निव… निवडून?”

“बाबा, निववून,” त्याची मुलगी आर्या म्हणाली. “कूल करून. आजीने लास्ट वीक सांगितलं.”

“अहो अभिजित, निवडून घेतलीत फोडणी तर मोहरी एकेक मोजत बसाल,” बाई म्हणाल्या. सगळे हसले. तोही हसला. पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले, आणि त्यानंतर तीन रविवार तो आला नाही.

दुसरी गंमत गणेशोत्सवातली. मुलांच्या निबंधस्पर्धेच्या परीक्षक बाई. त्यांनी आधीच अट घातली की निबंधावर खरं नाव नको, टोपणनाव हवं. वेल्श लोकांच्या कवितागाण्याच्या संमेलनात असंच चालतं. कवी टोपणनावाने कविता धाडतो, निकाल पुकारला की गर्दीतून उभा राहतो, मग त्याला सगळ्यांसमोर खुर्चीत बसवतात. आमच्याकडे निबंध आले अकरा. विषय ‘माझी आजी’. अकराही आज्या पहाटे उठत होत्या, अकराही प्रेमळ होत्या आणि अकराही ‘संस्कारांची शिदोरी’ देत होत्या. बाईंनी निकाल जाहीर केला की पहिलं बक्षीस कोणालाही नाही.

सेक्रेटरी नंदिनीताई घाबरून स्टेजवर आल्या. “अहो बाई, असं कसं? ट्रॉफी आणलीय.”

“त्यांच्याकडे कविता पुरी पडली नाही तर खुर्ची रिकामी ठेवतात. भर सभेत. कोणी मरत नाही.”

“पण ट्रॉफीवर नाव घालायचंय.”

“हे निबंध लिहिणाऱ्या आया इथेच बसल्यात. त्यांची घाला.”

मागच्या रांगेतून एक आई उठून बाहेर गेली. मला तेव्हा हे सगळं फार आवडलं होतं. मंडळाला आवडलं नव्हतं, हे आता लिहिताना दिसतं.

मग आली ती पट्टी.

अभिजित त्या वर्षी शिक्षणप्रमुख झाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी लिहिते, कारण बाईंनी मला ते लिहायला शिकवलं. त्याची मुलगी घरी मराठीतून विचारलं की इंग्रजीतून उत्तर द्यायची आणि त्याला रात्रंदिवस तीच काळजी. त्याने थ्री-डी प्रिंटरवर एक पिवळी पट्टी छापून आणली. तिला रिबीन. पट्टीवर देवनागरीत, ‘मी इंग्रजी बोललो’. वर्गात जे मूल इंग्रजी बोलेल त्याच्या गळ्यात ती घालायची. त्या मुलाने दुसऱ्या कुणाला इंग्रजी बोलताना पकडलं की पट्टी त्याच्या गळ्यात. वर्ग सुटताना ज्याच्या गळ्यात उरेल त्याने सगळ्यांसमोर उभं राहून पाढे म्हणायचे. कार्यकारिणीला कल्पना फारच आवडली. मलाही आवडली. मी टाळ्या वाजवल्या.

पहिला रविवार मजेत गेला. दुसऱ्या रविवारी मुलं एकमेकांच्या पाठीमागे फिरून ऐकायला लागली. एकजण दुसऱ्याच्या पायावर मुद्दाम पाय द्यायचा, कारण कळ आली की पोरगं ‘आउच’ म्हणतं. तिसऱ्या रविवारी वर्ग शांत होता. अभिजित म्हणाला, “बघ, शिस्त आली.” मुलं कुठल्याच भाषेत बोलत नव्हती.

हे तीन रविवार बाई वर्गात नव्हत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि वर्ग अभिजित घेत होता. चौथ्या रविवारी त्या काळा चष्मा लावून आल्या. इरा कोपऱ्यात उभी होती, गळ्यात पिवळी पट्टी. बाईंनी चष्मा काढला, जवळ जाऊन वाचलं, आणि विचारलं, “हे कुणी घातलं?”

“आर्याने.”

“आणि तू कुणाला घालणार?”

इराने वर्गाकडे पाहिलं. कोणाला पकडता येईल याचा तिने खरंच विचार केला. ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं आणि बाईंनाही दिसलं असणार. त्यांनी पट्टी तिच्या गळ्यातून काढली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि तास घेतला. पूर्ण तास. अभिजित दारात उभा होता. तास संपल्यावर तो म्हणाला, “बाई, मुलांसमोर हे बरं नाही.”

“वेल्समध्ये लाकडाचा तुकडा असायचा,” बाई म्हणाल्या. “शाळेत जो पोरगा वेल्श बोलला त्याच्या गळ्यात. त्याने दुसऱ्याला पकडलं की त्याच्या. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात उरेल त्याला छड्या.”

“अहो, पण ते उलट आहे. तिथे त्यांनी आपली भाषा बंद करायला वापरलं. आपण जगवायला वापरतोय.”

“मला दोन्हीतलं लाकूड वेगळं करून दाखवा.”

“इंग्रजांनी लादलं होतं ते, बाई,” मी मध्ये तोंड घातलं. मला वाटलं मी त्यांच्या बाजूने बोलतेय.

“कशावरून?” त्या माझ्याकडे वळल्या. “सगळे असंच म्हणतात. पण लंडनचा तसा हुकूम मला कुठे सापडलेला नाही. गावातल्या मास्तरांनी केलं. बरेचसे मास्तर वेल्शच. आईबापांना ठाऊक होतं आणि चालत होतं, कारण पोरगं पुढे जावं असं त्यांना वाटायचं. मायेनंच केलं गं. अभिजितसारखंच.”

अभिजितला हे लागलं. मला वाटतं, त्याला कोणी दुष्ट म्हटलं असतं तर इतकं लागलं नसतं.

बाई बाहेर गेल्या. ब्लॉकच्या खाली कचरा टाकायचा बंद नळा आहे, त्याचं झाकण उघडून त्यांनी पट्टी आत टाकली आणि लिफ्टने वर, त्याच ब्लॉकमधल्या आपल्या घरी, निघून गेल्या.

पुढचा रविवार म्हणजे ती बैठक. बाई दहा मिनिटं बोलल्या. लाकडाबद्दल बोलल्या, पायावर पाय देणाऱ्या पोराबद्दल, इराच्या चेहऱ्याबद्दल. नंदिनीताई मध्येच म्हणाल्या, “बाई, तुम्ही व्हिजिट पासवर आहात, उगाच वाद कशाला.” याचा त्याच्याशी काय संबंध, हे कोणीही विचारलं नाही. मग अभिजितने मला मजकूर सांगितला आणि मी लिहिला: ‘सौ. देवस्थळी यांनी मंडळाच्या शैक्षणिक साहित्याची परस्पर विल्हेवाट लावली. सदर वर्तन मराठीविरोधी असल्याने त्यांना वर्गाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे. सर्वानुमते.’ बाईंच्या दहा मिनिटांचं झालं, ‘सविस्तर चर्चा झाली.’

सर्वानुमते या शब्दात मीही आहे. मी पेन खाली ठेवायला हवं होतं. शाळा वाचवा म्हणून फर्ग्युसन रोडवर घसा फोडणारी मी, नऊ माणसांच्या खोलीत गप्प बसले.

तीन दिवसांनी त्यांनीच मला हॉकर सेंटरला बोलावलं. मी माफी मागायची तयारी करून गेले होते. त्यांनी ती ऐकून घेतली नाही, माझ्यासाठी कोपी मागवली आणि १८४७ सालची गोष्ट सांगितली. सरकारने वेल्समधल्या शाळांची चौकशी करायला तीन माणसं पाठवली. तिघांनाही वेल्श येत नव्हतं. वेल्श पोरांना प्रश्न इंग्रजीत. पोरं गप्प. अहवालात गेलं की पोरं अडाणी. मग भाषाच मागासलेली, मग बायाही चारित्र्याने सैल, सगळं निळ्या बांधणीच्या तीन खंडांत, सरकारी शिक्क्यानिशी.

“खोटारडे,” मी म्हटलं.

“सगळं खोटं नव्हतं ना. शाळांची छपरं गळत होती, मास्तर अर्धशिक्षित होते, हे खरंच लिहिलं होतं. म्हणून तर बाकीचं टिकलं.” त्यांनी कप बाजूला सरकवला. “मी पट्टी फेकली हे खरं आहे, मुग्धा. ते राहू दे. पुढचे दोन शब्द मला काढून हवेत. वर्ग नको मला परत.”

हे त्यांनी मंडळाला लेखी कळवलं. तीनदा. स्वच्छ अक्षरात, फुलस्केपवर, खाली सही. तिन्ही वेळा उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. कौस्तुभ वैतागला. माझ्यादेखत म्हणाला, “आई, सोड ना आता. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या मिनिट्स कोण वाचतं? माझं रोजचं उठणंबसणं आहे या लोकांत.”

“मी वाचते,” बाई म्हणाल्या. “दीडशे वर्षांपूर्वीची मिनिटं वाचण्यात माझी हयात गेली. कोणीतरी वाचतंच.”

दरम्यान त्यांनी ब्लॉकखालच्या दगडी टेबलाशी वाचन सुरू केलं. रविवारी, मंडळाच्या वर्गाच्याच वेळेला. आधी टाउन कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन विचारून आल्या. “बाकावर बसून वाचायला परवानगी लागते का, विचारलं. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘आँटी, जस्ट रीड लाह.’ हे मी तिच्याकडून लिहून घेणार होते, पण ती नाही म्हणाली.” इरा यायची, मी जायचे, पुण्याचा एक पोस्टडॉक संशोधक आणि त्याची बायको यायची. सप्टेंबरात एक दिवस अभिजितची मुलगी आर्या एकटीच आली आणि इराशेजारी बसली. बाईंनी तिला काहीही विचारलं नाही, फक्त उतारा पुढे सरकवला. त्या पोरी आपसात इंग्रजीत कुजबुजायच्या, भांडायच्या मराठीत. बाई दोन्ही चालवून घेत.

डिसेंबरात कौस्तुभची बदली हैदराबादला झाली. पास संपला. निघायच्या आदल्या रविवारी बाईंनी चौथं पत्र दिलं. त्याला उत्तर आलेलं नाही.

चांगी विमानतळावर मी पोचवायला गेले. सामान वजनात बसेना. कौस्तुभ म्हणाला, पुस्तकं ठेव, मुग्धा पाठवेल. बाईंनी बॅग उघडली, दोन साड्या काढून माझ्या हातात दिल्या, दोन स्वेटर एकावर एक अंगात चढवले, त्यांच्या खिशांत दोन जाड ग्रंथ कोंबले आणि ढब्बू होऊन निघाल्या. इमिग्रेशनला आपोआप उघडणारी फाटकं आहेत. इरा गेली, कौस्तुभ गेला, सूनबाई गेल्या. बाईंचा अंगठा यंत्र घेईना. एकदा, दोनदा, तीनदा. बाजूच्या काउंटरवरच्या माणसाने हात केला, इकडे या, इथून सोडतो. बाईंनी त्याला मान हलवून नाही सांगितलं. पदराला अंगठा पुसला आणि पुन्हा ठेवला. मागे रांग वाढत होती, कोणीतरी घसा खाकरत होतं. पाचव्यांदा की सहाव्यांदा फाटक उघडलं आणि त्या चालत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

त्या साताऱ्याला आहेत, बऱ्या आहेत. फोनवर मंडळाचा विषय काढत नाहीत. ते वाक्य मात्र जागेवर आहे. मंडळाच्या वेबसाइटवर, कोणालाही वाचता येईल असं, माझ्या शब्दांत.

येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेत हे नाही, मी दोनदा विचारलं. म्हणून आयत्या वेळच्या विषयांत मी उभी राहणार आहे आणि ‘मराठीविरोधी’ हा शेरा इतिवृत्तातून काढावा असा ठराव मांडणार आहे. सूचक म्हणून माझं नाव लागेल. अनुमोदक नसेल तर ठराव तिथेच पडेल, आणि अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळतील. त्यांना एवढंच हवं आहे.

तुम्ही सभासद आहात. बाईंच्या वर्गात बुटक्या खुर्चीवर बसला असाल किंवा नसाल, वरचं सगळं तुम्ही आता वाचलं आहे. मनातून पाठिंबा आहे, असा मेसेज मला पाठवू नका, तसे माझ्याकडे चौदा पडून आहेत. त्या शनिवारी या, हात वर करा, आणि आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगा, म्हणजे ते लिहून घ्यावं लागेल.